दोन पायांवरचा दाब

रानात वापसा आला, ओल पेरणीपुरती उतरली, हे मला कुणी कळवावं लागत नाही. मी धाराशिवच्या पोलीस वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीतून शेत दिसत नाही, दिसते ती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. तरी पितृपंधरवडा संपला, पाऊस उघडला आणि दुपारचं ऊन चावायला लागलं, की माझं बूड एका जागी टिकत नाही. घडी घातलेले कपडे मी पुन्हा झटकून घडी घालते. बुटांना पॉलिश करून झालं की पट्ट्याचं बक्कल घासत बसते, आणि तेही झालं की गच्चीवर जाऊन उगाच परंड्याच्या दिशेला, आमच्या गावाकडं, बघून खाली येते. माय फोनवर म्हणते, "तुझ्या अंगात किडे हायेत. दसरा आला की वळवळत्यात." मायचं म्हणणं खोटं नाही.

या दिवसांत मला जमिनीवर पालथं पडावंसं वाटतं. हे बाकीच्यांना सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. काळ्या रानावर एक रिकामं पोतं टाकावं, त्यावर पोट टेकावं, कोपरं मातीत रुतवावीत आणि समोर काहीही नसताना लांब कुठंतरी बघत राहावं. वापशातल्या मातीला त्या वेळी एक वास असतो. त्यात थोडी ओल असते, थोडं कुजलेलं गवत असतं आणि उन्हाची धग असते. तो वास नाकात गेला की मला एकाच वेळी दोन जागा आठवतात. एक आमचं चार एकर रान. दुसरी डोंगराच्या पायथ्याची फायरिंग रेंज. दोन्ही एकाच दसऱ्याला एकमेकींत मिसळल्या आणि पुन्हा वेगळ्या झाल्या नाहीत.

आमच्या पथकात लांब पल्ल्याची रायफल चालवणारे मोजके आहेत, त्यातली मी एक. आता नव्यांना शिकवते. ते येतात ते डोळे बारीक करून, श्वास रोखून, मोठ्या तयारीनं. मी पहिले दोन दिवस कुणाला गोळी देतच नाही. पोटावर झोपा म्हणते, आणि बायपॉड लावा. रायफलच्या पुढच्या भागाखाली बसवलेले ते दोन घडीचे पाय. दिसायला एवढेसे, पण माणसाचा सगळा स्वभाव त्यांच्यात उतरतो. कुणी पाय फार उंच करतो, कुणी एक लांब एक आखूड ठेवतो आणि रायफल कलली तरी त्याला कळत नाही. एखादी मुलगी दर मिनिटाला खाली वाकून पायाची उंची एका खाचेनं बदलते. तिच्याजवळ मी जरा जास्त वेळ थांबते, कारण ती मी असते.

आमचे उस्ताद लोहाऱ्याकडचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, तळहातावर तंबाखू मळत शिकवायचे आणि बोलायचे इतकं कमी की पोरं त्यांना मागं मुका उस्ताद म्हणायची. बायपॉडवर मात्र त्यांची जीभ सैल सुटायची. पुढं लावला तर रायफल ठाम बसते, पण निशाण बाजूला न्यायचं तर अख्खं अंग सरकवावं लागतं. मागं लावला तर रायफल हलकी फिरते, पण हलकी फिरते ती हलकी हलतेसुद्धा. पाय जेवढे बुटके तेवढे बरे, कारण उंच केले की मान वर येते आणि मान अवघडली की डोळा फसवतो. उतारावर खालच्या अंगाचा पाय एक खाच लांब. जमीन टणक असली तर खाली पोतं, नाहीतर गोळी सुटताना पाय उडी मारतात. आणि सगळ्यात शेवटी दाब. खांद्यानं रायफल पुढं इतकीच रेटायची की पायांतला ढिलेपणा निघून जावा. पहिल्या गोळीला जेवढी, तेवढीच पाचव्या गोळीला.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. करता येत नव्हतं. एक गोळी सुटली की मला वाटायचं पाय जरा उंच हवेत, दुसरीला वाटायचं बायपॉड बोटभर मागं हवा. तिसऱ्या वेळी मी जास्त रेटायचे, चौथ्या वेळी घाबरून ढील द्यायचे. कागदावर माझी छिद्रं शिडीसारखी खालून वर चढत जायची. उस्ताद माझ्या मागं उकिडवे बसून बघायचे. एकदा म्हणाले, "बाई, रायफल चांगली हाय, बायपॉड चांगला हाय. मधी तू वळवळतीस तेवढंच वाईट हाय." सगळे हसले, मीही हसले, आणि रात्रभर छताकडं बघत पडले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. आधल्या वर्षी मी चाचणीत नापास झाले होते आणि ही दुसरी, शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. ही गेली की पुन्हा दारावरचा पहारा. आठ आठ तास एका जागी ताठ उभं राहायचं, समोरच्या भिंतीवरच्या पाली मोजायच्या. पाच वर्षं मी ते केलं होतं. पायाला भिंगरी असलेल्या बाईला पहाऱ्यावर उभं करणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच माहीत. चाचणीत तीनशे मीटरवर पाच गोळ्या मारायच्या होत्या आणि पाचही छिद्रं एका वाटीखाली झाकली गेली पाहिजे होती. उस्तादांच्या डब्यात एक छोटी स्टीलची वाटी असायची, तीच ते कागदावर पालथी घालून बघायचे. माझ्या शिडीला तेव्हा परात लागली असती.

चाचणीच्या आठ दिवस आधी मी पेरणीसाठी चार दिवसांची सुट्टी घेतली. उस्तादांनी विचारलं, आत्ता कशाला जातेस. मी म्हणाले, ज्वारी कुणासाठी थांबत नाही. खरं कारण असं की रेंजवर थांबले असते तर रायफलचे पाय मीच उपटून टाकले असते.

मी घरची एकटी. भाऊ नाही, बहीण लहानपणीच गेली. वडलांना मी दादा म्हणते, सगळा गाव दादाच म्हणतो. घरात एकच बैल राहिला होता, दुसरा शेजाऱ्याचा. सावडीनं दोघांची रानं आळीपाळीनं पेरायची. ट्रॅक्टर गावात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण दादांचं तीन फणांच्या तिफणीवाचून चालत नव्हतं. ट्रॅक्टर पेरतो ते रान त्याला ओळखत नाही, म्हणायचे. विहारात दसऱ्याची वंदना झाली, खीर झाली, माणसं पांढऱ्या कपड्यांत घरोघर चहाला फिरली. आमच्याकडं चौघंपाचजण बसले होते. माय बशा भरून देत होती, आणि दादांच्या हातातली बशी वाजली.

कपाची किणकिण तशी कुणाच्याही घरात होते. दादांनी बशी खाली ठेवली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि मग उचलली. पुन्हा वाजली नाही. बाकीचे पेरणीचं बोलत होते. मी मात्र त्या हाताकडं बघत राहिले, कारण वर्षभर मी दुसरं काही करत नव्हते. कुठली वस्तू किती हलते आणि कशाचा टेका मिळाला की थांबते, एवढंच बघत होते. नंतर लक्षात आलं की दादा आता कधीच रिकामे हात ठेवत नाहीत. बैलाचं दावं धरतात, काठी धरतात, काही नाही तर भिंतीला तळहात लावून उभे राहतात. मायकडं बघितलं तर तिनं नजर चुलीकडं वळवली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिफण जुंपली. माय चाड्याच्या नरसाळ्यात ज्वारी सोडत होती, दादा तिफणीची मूठ, रुमणं, धरून मागं. मी बांधावर उभी. रुमण्यावर हात पडला आणि हात गप्प झाला. एकदम गप्प. ते त्यावर लोंबकळत नव्हते, नुसता हात ठेवूनही चालत नव्हते. खांद्यातून एकसारखा भार खाली उतरत होता, आणि तिन्ही फण मातीतून एकाच खोलीनं चालले होते. मी रेंजवर वर्षभर जे शोधत होते ते माझ्या बापाच्या दंडात होतं, आणि मी ते जन्मापासून बघत आले होते. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

दुपारी मी म्हणाले, दोन ओळी मी घेते. दादांनी रुमणं दिलं. पहिल्या पन्नास पावलांत मला वाटलं बी वर पडतंय, म्हणून रेटलं. मग बैल अडखळला तेव्हा वाटलं फार खोल गेलं, म्हणून ढील दिली. पुन्हा रेटलं. वळताना पाय मुरगळला, बैलांवर चिडले. माय चाडं सांभाळत हसत होती. त्या दोन ओळी पुढं कशा उगवल्या ते अख्ख्या गावानं बघितलं. जागोजाग न उगवलेल्या नांग्या, मग मध्येच दाट झुबका, मग पुन्हा हातभर मोकळी जमीन. दादांनी नांग्या भरल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावरून दाखवायचे, ही पोलिसांनी पेरलेली जवारी, हिला हात लावायची परवानगी न्हाय.

बैल सोडल्यावर आम्ही बाभळीखाली बसलो. माय पाणी आणायला गेली. दादांनी विचारलं, तिकडं तू नेमकं करतीस तरी काय. मी बाभळीची एक बेचकी उचलली, जमिनीत टेकवली, त्यावर पहार ठेवली आणि तिच्यामागं पोटावर पडले. हे दोन पाय, ही रायफल, आणि ही मी. दादांनी बेचकीकडं बघितलं. मी पहार नुसती टेकवली होती, त्यामुळं बेचकी इकडंतिकडं कलत होती. ते माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि पहारीच्या मागच्या टोकावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्याबरोबर पहार, पहारीबरोबर बेचकी. मग त्यांनी खांदा पुढं आणला. पहार पुढं रेटली गेली, बेचकी मातीत बसली. सगळं थांबलं.

मी मान वळवून बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

"रिकामा असला की असं करतोय," ते म्हणाले. "कामाला लावला की गप बसतोय. उन्हाळ्यापासनं हाय."

मी उठून बसले. पहिला विचार दवाखान्याचा आला. आत्ताच निघायचं, बार्शी गाठायची, तिथं नाही भागलं तर सोलापूर. दुसरा विचार त्याच्या इतका लगोलग आला की त्यांच्यात श्वासाचंही अंतर नव्हतं: मग चाचणी गेली. तपासण्या, चिठ्ठ्या, पुन्हा बोलावणं, यात आठ दिवस असे जातात. आणि दादांना दवाखान्यात नेणारं दुसरं कुणी नव्हतं.

"परीक्षा कवा हाय तुझी?"

"सहा दिवसांनी."

"मग झाल्यावर बघू. व्हय?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. एक शब्द. माय घागर घेऊन आली, आम्ही पाणी प्यालो आणि दादा पुन्हा बैलांकडं गेले. मी त्या शब्दाला त्यानंतर फार वेळा उलटापालटा केला आहे. दर दसऱ्याला तो वर येतो. वापसा आला की माती जशी आतलं गवत वर फेकते तसा. मी तिथंच नाही म्हणू शकले असते. बैल सोडलेलेच होते. रस्त्यावर जीप मिळाली असती.

निघताना मायनं मला एक पिशवी शिवून दिली. माझ्याच जुन्या खाकी पँटीचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, आत करडई भरली आणि दुसरं तोंड टाचलं. रायफलचा दस्ता मागून ज्या छोट्या पिशवीवर टेकवतात तिच्याबद्दल मी तिला सांगितलं होतं. रेंजवर आम्हाला वाळूची मिळायची, ती दगडासारखी घट्ट व्हायची. माय म्हणाली, ज्वारी भरली तर बसंल, करडई सरकती ऱ्हाती, जरा आवळली की वर, ढील दिली की खाली. तिनं आयुष्यात रायफल बघितली नव्हती. पिशवी हातात घेऊन उस्तादांनी दोनदा दाबली, वास घेतला आणि म्हणाले, भाजू नको फक्त.

चाचणीच्या दिवशी वारा डोंगराकडून होता. मुरूम टणक, मी पोतं दुमडून अंथरलं. जागेला उजवीकडं उतार होता, म्हणून उजवा पाय एक खाच लांब केला. बायपॉड पुढच्या टोकाला. पोट टेकलं, करडईची पिशवी दस्त्याखाली, डाव्या हाताची मूठ तिच्यावर. मग खांदा पुढं. पायांतला ढिलेपणा गेला ते मला दातांत जाणवलं. पहिली गोळी. दुसरी. तिसरीनंतर वाटलं की डावा पाय पोत्याच्या सुरकुतीत रुतला आहे. बोटं शिवशिवली. नुसतं हात पुढं करायचा आणि एक खाच बदलायची. त्या क्षणी मला बशीची किणकिण ऐकू आली, खरंच ऐकू आली, आणि मी हात हलवला नाही. त्या दंडाचा भार मी माझ्या खांद्यात आणायचा प्रयत्न केला. चौथी. पाचवी.

उस्तादांनी वाटी पालथी घातली. चार छिद्रं आत, पाचवं काठावर. त्यांनी वाटी किंचित फिरवली, साहेबांकडं बघितलं आणि म्हणाले, "काठ बी वाटीचाच असतोय, साहेब." साहेब हसले आणि नाव लिहिलं. त्या दिवशी मी घरी फोन केला तेव्हा माय रडली. दादा म्हणाले, आता गप बसायला शिकलीस म्हणायची.

पास झाले आणि तिथून पाच महिने मला प्रशिक्षणाला बाहेर पाठवलं. झाल्यावर बघू, म्हटलं होतं. आल्यावर बघू, झालं. सुगी होऊ दे, झालं. दर वेळी फोनवर मी विचारायचे आणि दर वेळी दादा पुढचं काहीतरी सांगायचे, आणि मला ते पटायचं. पटवून घ्यायला मी तयारच असायचे. पुढचा दसरा आला, पुन्हा तिफण जुंपली. दवाखान्यात आम्ही गेलो ते त्याही पेरणीनंतर. डॉक्टरांनी कंपवात आहे सांगितलं, गोळ्या दिल्या. मी विचारलं, आधी आलो असतो तर. ते म्हणाले, आजार आपल्या चालीनं जातो, आधी आला असता तर त्रास थोडा हलका झाला असता. थोडा म्हणजे किती, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं होतं.

या वर्षी दसऱ्याला गावी गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रॅक्टर फिरत होते, आमच्या रानातही भाड्याचा फिरून गेला होता. ओळी अशा सरळ की बघायला काही नाही. बैल केव्हाच गेला. तिफण गोठ्यात भिंतीला लावलेली, तिच्यावर माय मिरच्या वाळत घालते. दादा ओसरीत बसलेले. आता हात कामाला लावला तरी थांबत नाही, आणि त्याला लावायला कामही उरलेलं नाही. त्यांच्या मांडीवर ती खाकी पिशवी असते, मी चाचणीनंतर घरी आणून ठेवलेली. डॉक्टरांनी काहीतरी दाबत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा मायनं तीच काढून दिली. दिवसभर दाबून आतल्या करडईचा भुगा झाला आहे.

मी दहा मिनिटांत चार वेळा उठले. पाणी प्याले, गोठ्यात जाऊन आले, मिरच्या हलवल्या. दादा म्हणाले, बस की. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं. मी बसले आणि इतक्या वर्षांत न काढलेला विषय काढला. म्हणाले, तेव्हा बाभळीखाली मी व्हय म्हणायला नको होतं. तुम्हाला त्याच दिवशी न्यायला पाहिजे होतं. मला परीक्षेचं पडलं होतं.

त्यांनी पिशवी दाबली. मग हसले. हसणं तेवढं अजून जुनंच आहे.

"तू न्हाय म्हणली असतीस, तर तुम्ही दोघींनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं," ते म्हणाले. "मला अजून दोन पेरण्या करायच्या व्हत्या. तुझ्या परीक्षेच्या आडून म्या केल्या."

इतकी वर्षं मी त्या एका शब्दाचं ओझं माझं एकटीचं म्हणून वागवलं, आणि या माणसानं त्याच्या आडोशाला बसून आपलं काम उरकून घेतलं होतं. राग आला. खरंच आला. मग रडू आलं, तेही आवरलं नाही. दादांनी पिशवी बाजूला ठेवली आणि थरथरता तळहात माझ्यासमोर उभा धरला. मी माझा तळहात त्याला लावला आणि खांदा किंचित पुढं आणला. त्यांनीही रेटलं. हात पुरता थांबला नाही, पण थरथर बरीच कमी झाली. भार जरा वाढवला की हात मागं जायचा, जरा ढील दिली की पुन्हा थरथरायचा. भार कुठं ठेवायचा ते हळूहळू सापडलं, आणि सापडल्यावर मी तो हलवला नाही.

मायनं चहा आणून ठेवला. दादांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं माय म्हणाली, चहा निवला की गं. मी म्हणाले, निवू दे. आणि बसून राहिले.